७८,००० किलोमीटर झाले म्हणून इंजिन उघडावे का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमची रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही मोटरसायकल २०१८ सालची आहे, पहिल्या दिवसापासून ती तुमच्याच हातात आहे आणि काटा ७८,००० किलोमीटरवर आला आहे. पुण्यात रोजचे ऑफिस, दर पावसाळ्यात कोकणाच्या दोन-तीन फेऱ्या आणि गेल्या वर्षीची स्पीतीची एक सहल असा तिचा वापर आहे, आणि येत्या जूनच्या अखेरीस मनालीमार्गे लेहला जायचा बेत आहे. स्पीतीत कुंझुम खिंडीच्या चढावर गाडी दम टाकत होती, हे ऐकून तुमच्या मेकॅनिकने निघण्यापूर्वी हाफ इंजिन, म्हणजे हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टन व त्याच्या रिंगा बदलण्याचे काम, करून घेण्याचा सल्ला दिला. तुम्हाला हीच गाडी दोन लाख किलोमीटरपर्यंत न्यायची आहे, म्हणून या इंजिनाचे आयुष्य नेमके किती असते, असे तुम्ही विचारता.

मी २२ वर्षे कऱ्हाडला गॅरेज चालवतो. माझी स्वतःची ३५० सीसीची सिंगल सिलिंडर गाडी आज २,१३,००० किलोमीटरवर आहे आणि तिचे इंजिन आजवर दोनदा उघडले आहे. त्यांतल्या एका वेळी गरज होती, दुसऱ्या वेळी नव्हती, आणि गरज नसताना उघडल्याचा त्रास मी जवळजवळ दोन वर्षे भोगला. म्हणून आयुष्य किती याचा आकडा मी तुम्हाला देणार नाही. उघडण्याची वेळ आली आहे की नाही हे ठरवायचे कसे आणि इंजिन शाबूत असतानाही बाकीची गाडी कशाने संपते, एवढे मात्र सांगू शकतो. मोठ्या आकड्यांविषयी बोलणे निघाले की कोणीतरी अर्जेंटिनाच्या एमिलियो स्कॉटो यांचे नाव घेतोच. त्यांनी १९८५ ते १९९५ या काळात होंडा गोल्डविंगवरून ७,३५,००० किलोमीटरांचा जगप्रवास केला. पण ते चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे १,१०० सीसीचे इंजिन होते, तेव्हा आपल्या एका सिलिंडरच्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही.

आधी कुंझुमचा विषय संपवतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू झालेला दिसतो. कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या वरच्या खिंडीत हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा ३५ ते ४० टक्क्यांनी कमी असते. इंजिन आत ओढते ती हवाच विरळ असल्यामुळे ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन हवेच्या मानाने पेट्रोल कमी करते, त्यामुळे गाडी काळा धूर न सोडता चालत राहते, पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. तुमच्या गाडीची २४-२५ अश्वशक्ती तिथे १५ च्या आसपास उरते, आणि त्यावर दोन माणसे व सामान असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुथत चढणे हे निरोगी इंजिनाचेच वागणे आहे. मनालीला उतरल्यावर गाडी पूर्वीसारखी पळू लागली असेल तर त्या चढाचा आणि रिंगांचा काही संबंध नाही. मला शंका घ्यायची झाली तर मी क्लचवर घेईन, कारण अशा चढावर माणूस नकळत क्लच अर्धवट धरून गाडी रेटतो आणि प्लेटा जळतात. सपाट महामार्गावर चौथ्या गिअरमध्ये ६० च्या वेगावरून एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) झपकन वर गेला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच सरकतो आहे असे समजा.

आता किलोमीटरबद्दल. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, त्याला तास कळतात. त्याहीपेक्षा ते थंड असताना किती वेळा चालू झाले, हे अधिक कळते. ७८,००० किलोमीटर सरासरी ४५ च्या वेगाने झाले असतील तर इंजिन सुमारे १,७०० तास चालले आहे. तेच अंतर शहरातल्या २२ च्या सरासरीने झाले असेल तर ३,५०० तासांहून अधिक. शिवाय चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तेल पुरेसे तापत नाही, आत जमलेले पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही आणि तेल पातळ होत जाते. त्यामुळे लांबच्या प्रवासांनी भरलेला लाखाचा काटा मला केवळ शहरात फिरवलेल्या चाळीस हजारांच्या काट्यापेक्षा कमी चिंतेचा वाटतो. तुमच्या गाडीत यांतला वाटा कोणाचा किती हे तुम्हीच सांगू शकाल आणि माझे पुढचे बरेचसे म्हणणे त्यावर अवलंबून आहे.

इंजिनाची खरी अवस्था कळण्यासाठी मी गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट सांगतो ती म्हणजे शंभर पानी वही आणण्याची. तीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, काटा आणि वरून घातलेले तेल मिलिलिटरमध्ये लिहायचे. तेलाची पातळी पाहताना गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर किंवा कोणाकडून तरी सरळ धरून आणि इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पाहावी. साइड स्टँडवर तिरक्या उभ्या गाडीची पातळी पाहून घाबरलेले किंवा भलतेच निर्धास्त झालेले लोक मला दर महिन्याला भेटतात. हजार किलोमीटरला १०० ते १५० मिलिलिटर तेल लागत असेल आणि तो आकडा वर्षभर तिथेच असेल, तर माझ्या हिशेबी त्या इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. आकडा १०० वरून २००, २०० वरून ३५० असा चढत असेल तर कारण शोधावे लागते. सकाळी चालू करताना निळसर धूर निघून दोन मिनिटांत थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. चढावर जोर देताना सतत धूर येत असेल तर नजर रिंगांकडे जाते. या दोन दुखण्यांच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून आधी निदान आणि मग पान्हा.

निदानासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. गरम इंजिनावर, प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून आकडा घ्यावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा घ्यावा. तेलानंतर आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांमधून आहे, फारसा हलला नाही तर व्हॉल्व्हमधून. मात्र सेल्फ-स्टार्टला हलके जावे म्हणून काही इंजिनांच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) डीकॉम्प्रेशनची, म्हणजे चालू करताना थोडा दाब सोडून देण्याची, व्यवस्था असते आणि तिच्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. त्यामुळे इंटरनेटवरच्या कोणाच्या तरी आकड्याशी तुलना करू नका. पुस्तिकेतल्या आकड्याशी करा, आणि यापुढे दर वीस हजारांनी आपल्याच जुन्या आकड्याशी करा.

तेल बदलताना थोडा वेळ द्या. मी जुने तेल पांढऱ्या ट्रेमध्ये सोडतो आणि शेवटचा पावशेर भाग जुन्या पातळ धोतराच्या फडक्यातून गाळतो. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती गिअरची रोजची झीज आहे, ती प्रत्येक गाडीत असते. बोटांत चोळल्यावर कचकच लागणारे चकचकीत कण, किंवा फडक्यावर उन्हात चमकणारे पिवळसर पापुद्रे दिसले तर मात्र गाडी पुढे चालवू नये. तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा झाला असेल तर आत पाणी गेले आहे, मग ते कोकणातल्या साकवावरचे असो की लहान फेऱ्यांमुळे साचलेले असो. तेल कोणत्या कंपनीचे यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण मी फक्त ग्रेड पुस्तिकेप्रमाणे आहे का आणि डब्यावर जासो एमए२ (मोटरसायकलच्या तेलाचे मानक) लिहिले आहे का एवढे पाहतो. कारण आपला क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि काही कारच्या तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरतो. पुस्तिकेतले अंतर सर्वसाधारण वापरासाठी असते. धूळ, उंची आणि ओझे असेल तर मी ५,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही बदलतो.

गरज नसताना उघडलेल्या इंजिनाची गोष्ट आता सांगतो. माझ्या गाडीचा काटा ६१,००० च्या आसपास असताना हेडमधून हलका खुळखुळ आवाज येऊ लागला. तेल खात नव्हती, कॉम्प्रेशन ठीक होते, पण आपलेच गॅरेज आणि रविवारची सुट्टी, म्हणून मी हेड आणि ब्लॉक उतरवला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजला तर झीज पुस्तिकेतल्या मर्यादेच्या अर्ध्यालाही पोहोचली नव्हती. आवाज निघाला तो टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा, आणि तो ब्लॉक न उतरवताही बदलता आला असता. पुन्हा जोडताना एका स्टडचे आटे ॲल्युमिनियममध्ये सुटले. मी तिथे स्प्रिंगचे आटे बसवले, तरी गॅस्केटच्या त्या कोपऱ्यातून तेल पाझरायचे थांबले नाही, आणि जवळजवळ दोन वर्षे उजव्या बुटावर तेलाचा डाग घेऊन मी हिंडलो. कारखान्यात जोडलेल्या, एकमेकांत नीट बसलेल्या भागांना आपण हलवतो तेव्हा प्रत्येक आटा, प्रत्येक सील आणि प्रत्येक गॅस्केट नव्याने नशिबाच्या हवाली करतो. आवश्यक असेल तर ते करावेच लागते, पण खबरदारी म्हणून करू नये.

इंजिन न उघडता करायची आणि हमखास टाळली जाणारी गोष्ट म्हणजे टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट नीट करणे. लोक टॅपेट वाजू लागला की येतात. पण किलोमीटर वाढतात तसा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल बसत जातो, फट कमी होते आणि आवाज उलट नाहीसा होतो. मालकाला वाटते इंजिन मुरले. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो, बैठकीला टेकून उष्णता बाहेर टाकायला त्याला वेळ मिळत नाही आणि त्याची कड जळते. म्हणून आवाज असो वा नसो, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळी, फीलर गेजने फट मोजून घ्या.

दुसरी गोष्ट धूळ. स्पीतीतली बारीक माती म्हणजे सिलिंडरला लावलेला पॉलिश पेपरच. फिल्टर नवा असून उपयोग नाही, तो कडेने घट्ट बसला पाहिजे. फिल्टर काढून डब्याच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला पांढरे कापड गुंडाळलेले बोट फिरवा. कापड मळले तर हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे आणि तुमच्या रिंगांचे आयुष्य तिथेच खर्च होते आहे. स्पीतीहून आल्यावर हे कोणी पाहिले नसेल तर आजच पाहा.

इंजिनाविषयी इतके लिहिले, पण माझ्या गॅरेजच्या दारात टेम्पोतून येणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी इंजिन फुटलेली गाडी क्वचितच असते. त्या अडलेल्या असतात बेअरिंग, वायरिंग, चेन आणि स्पोक यांवर. एका गिऱ्हाइकाचे मागच्या चाकाचे बेअरिंग आंबोली घाटाच्या पायथ्याशी इतके पकडले की बाहेरची कडी हबमध्ये फिरली आणि हबच निकामी झाला. बेअरिंग होते दोन-तीनशे रुपयांचे. कारण शोधले तेव्हा कळले की गिऱ्हाईक दर रविवारी वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन घेई आणि पाण्याची तोटी थेट चाकाच्या मध्यावर धरली जाई. त्या दाबाने पाणी सीलच्या आत जाते, ग्रीस निघून जाते आणि गंज आत राहतो. माझी गाडी मी बादली आणि फडक्यानेच धुतो. पावसाळा संपला की दोन्ही चाके काढून बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवतो आणि थोडे जरी खरखरले तरी बदलतो. त्याच वेळी मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजचे आणि स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दुबोटी भागाचे) बोल्ट काढून ग्रीस भरतो, कारण कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर ते बोल्ट हातोड्यानेही निघत नाहीत. कोन सेट (हँडलचे बेअरिंग) तपासायचा असेल तर पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर आवळून भागणार नाही, सेट बदलावा लागेल.

चेन किती उरली आहे हे डोळ्यांनी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. या वर्गातल्या ५२०, ५२५ आणि ५३० मापाच्या चेनच्या दोन पिनांमधले अंतर १५.८७५ मिलिमीटर असते, म्हणजे नव्या चेनचे २० दुवे ३१७.५ मिलिमीटर भरतात. चेन खालच्या बाजूने ताणून धरा आणि पोलादी पट्टीने पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. माप ३२०.५ च्या पुढे गेले असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. चेन फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण ती सगळीकडे सारखी ताणत नाही. स्पोकांसाठी तर पट्टीही नको. लहान पान्ह्याने एकेका स्पोकला टिचकी मारा, घट्ट स्पोक टणकन वाजतो आणि ढिला भद्द वाजतो.

विजेच्या बाबतीत एवढेच पाहा की रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चार हजार आरपीएमवर असताना साधारण १४ ते १४.५ व्होल्ट मिळतात की नाही. तुम्ही जादा दिवे लावले आहेत असे लिहिले आहे. ते मूळ वायर कापून जोडलेले असतील तर ते जोड आधी काढा आणि रिले व स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीवरून नवी वायर ओढा. ब्रेकचे ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर बदलायचेच. ते हवेतली ओल शोषते आणि घाटाच्या लांब उतारावर उकळले की लिव्हर हँडलला टेकतो.

गाडी अजून लाखभर न्यायची तर एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुमच्या हातात नाही. २०२३ च्या अखेरीस हिमालयन ४५० आली. तिचे इंजिन सर्वस्वी वेगळे आहे, त्यामुळे ४११ चे सुटे भाग हळूहळू शोधावे लागणार. रिंगा आणि पिस्टन बाहेरही बनतात. अडचण येते ती सेन्सर, फ्युएल पंप, रेग्युलेटर आणि विशिष्ट आकाराच्या रबरी भागांची. त्यांतला एकेक भाग मिळेल तेव्हा घेऊन ठेवावा. पेट्रोलची रबरी नळी आणि पंपाचे सील मात्र साठवू नका, ते आत्ताच नवे घाला. आता पंपांवर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे असते आणि २०१८ ची रबरे त्याला किती वर्षे टिकतील याची खात्री मी देणार नाही. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत गंज धरायला जागा कमी राहते.

वही आणि कॉम्प्रेशन या दोन्हींनी पुढे कधी तरी उघडा असे सांगितलेच, तर काम लेथवर बोअर मोजून देणाऱ्या आणि टॉर्क पान्हा (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरणाऱ्या माणसाकडे द्या. काढलेले भाग पिशवीत परत मागून घ्या, आणि टायमिंग चेन, टेन्शनर, व्हॉल्व्ह सील त्याच वेळी बदला. तुमच्या मेकॅनिकशी या कारणावरून संबंध तोडू नका. आठ वर्षे ज्याने गाडी हाताळली त्याला तिची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांना फक्त विचारा की कोणता आकडा पाहून हाफ इंजिन सुचवले. आकडा दाखवला तर माझे मत मी बदलेन.

लेहच्या प्रवासापुरते सांगायचे तर काही झाले तरी जूनमध्ये, निघण्याच्या तोंडावर इंजिन उघडू नका. नव्या रिंगा बसायला पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलक्या हाताने चालवावे लागते आणि जोडणीतली चूक असेल तर ती याच काळात बाहेर येते, ती मनाली-लेह रस्त्यावरच्या सर्चूच्या तंबूंजवळ बाहेर यायला नको. या महिन्यात कॉम्प्रेशन, टॅपेट, क्लचची चाचणी आणि फिल्टरच्या डब्यातले ते पांढरे कापड एवढे उरका. मेमध्ये बेअरिंग, कोन सेट, चेन आणि ब्रेक ऑइल करा, आणि मग सामान बांधून पुणे-महाबळेश्वर-पोलादपूर असा तीन-चारशे किलोमीटरचा फेरा मारून या. परत आल्यावर तेलाची पातळी वर सांगितली तशी पाहा, गाडी थंड झाली की बॅगेच्या रॅकचे बोल्ट आणि मागच्या सबफ्रेमचे (सीट व सामान पेलणाऱ्या सांगाड्याचे) वेल्डिंग हाताने चाचपा, आणि कॉम्प्रेशनचा आकडा व हजार किलोमीटरचा तेलाचा खर्च मला कळवा.